बेटावर फ्लश केलेलं पाणी जातं कुठे?

“चारी बाजूंनी समुद्र आहे, मग सांडपाण्याची एवढी चिंता कशाला?” छोट्या बेटांच्या पाण्याचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याची त्यात चूक नाही. मोठ्या भूभागावर राहणाऱ्या माणसाने बटण दाबलं की मैला पाइपात जातो आणि पाइप कुठेतरी लांब जातो, एवढंच त्याला ठाऊक असतं. बातम्यांत बेटं येतात ती समुद्राची पातळी वाढतेय म्हणून, नाहीतर तिथे पर्यटकांची झुंबड उडालीय म्हणून. तिथे कायम राहणाऱ्या काही हजार लोकांच्या संडासाचं पाणी कुठे जातं, याची बातमी सहसा होत नाही. पण तिथल्या पिण्याच्या पाण्याचं, लहान मुलांच्या जुलाबांचं आणि किनाऱ्यावरच्या मरणाऱ्या प्रवाळाचं कोडं सोडवायला बसलं, की दर वेळी याच प्रश्नापाशी यावं लागतं.

आणि त्याचं उत्तर शोधायला आधी जमिनीखाली बघावं लागतं.

## बेटाखाली पाणी तरंगतं

घरी करून बघण्यासारखा एक प्रयोग आहे. काचेच्या ग्लासात अर्ध्यापर्यंत चांगलं खारट पाणी घ्या. दुसऱ्या भांड्यात साध्या पाण्यात शाईचे दोन थेंब टाका. आता खारट पाण्यावर चमचा आडवा धरून त्यावरून ते रंगीत पाणी अगदी हळू सोडा. रंगीत पाणी वरच राहतं आणि दोन पाण्यांमध्ये स्पष्ट रेघ दिसते. ग्लास ढवळला नाही तर ती रेघ बराच वेळ टिकते.

प्रवाळाच्या सपाट बेटाखाली हेच घडलेलं असतं. जमिनीत समुद्राचं खारं पाणी आधीच मुरलेलं असतं. पावसाचं पाणी वाळूतून झिरपत खाली येतं आणि हलकं असल्यामुळे त्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. हा गोडा थर बेटाच्या मधोमध जाड आणि किनाऱ्याकडे पातळ होत जातो, म्हणजे आकार भिंगासारखा. म्हणून त्याला गोड्या पाण्याचं भिंग म्हणतात. पुढे मी नुसतं ‘भिंग’ म्हणेन.

या भिंगाचं गणित हर्झबर्ग नावाच्या जर्मन अभियंत्याने १९०१ साली, उत्तर समुद्रातल्या बेटांच्या पाणीपुरवठ्याचं काम करताना मांडलं. एका डच अभियंत्याने ते थोडं आधी स्वतंत्रपणे मांडलं होतं. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं. त्यामुळे भिंगाचा वरचा पृष्ठभाग समुद्रसपाटीहून १ फूट वर असेल, तर खाली सुमारे ४० फूट गोडं पाणी असायला हवं. ऐकायला छान वाटतं, पण हे गणित उलटंही चालतं. उपसा जास्त झाला आणि वरची पातळी थोडीशी खाली गेली, की खालचं खारं पाणी त्याच्या कितीतरी पट वर सरकतं. शिवाय प्रत्यक्षात भरती-ओहोटीने दोन्ही पाणी सतत घुसळलं जातं, मध्ये मचूळ पाण्याचा जाड पट्टा तयार होतो आणि पिण्याजोगं पाणी गणितापेक्षा बरंच कमी उरतं.

अशा बेटावरच्या विहिरीला खोल म्हणताच येत नाही. माणसाच्या कमरेइतकं किंवा डोक्याइतकं खणलं की पाणी लागतं. विहिरीत काठी उभी करून पाण्याच्या रेषेवर खूण केली आणि काही तासांनी पुन्हा पाहिलं, तर पाणी खुणेच्या वर किंवा खाली गेलेलं दिसतं. समुद्राला भरती आली की विहिरीचं पाणीही थोडं उचललं जातं. मला या सगळ्या विषयात सर्वात बोलकी गोष्ट हीच वाटते. दहा पावलांवर संडासाचं पाणी जमिनीत जिरवणारा जो शोषखड्डा आहे, त्याच्या तळाशीसुद्धा हेच पाणी असंच वरखाली होत असतं.

किरिबाती या प्रशांत महासागरातल्या देशाचं उदाहरण घ्या. त्यातल्या दक्षिण तारावा या लांबट, चिंचोळ्या पट्टीवर ५० हजारांहून जास्त लोक राहतात. पट्टीची रुंदी बहुतेक ठिकाणी काहीशे मीटर. एका अंगाला खुला महासागर, दुसऱ्या अंगाला कंकणाकृती बेटाच्या आतलं उथळ पाणी. नळाचं पाणी येतं ते मुख्यतः पूर्व टोकाच्या बोनरिकी आणि बुओटा इथल्या भिंगांतून. घरांजवळच्या विहिरीही वापरात आहेतच. घर, विहीर, संडास, डुकरांचा गोठा हे सगळं त्याच वाळूवर आणि वाळूखाली तेच पाणी.

## सांडपाण्यात नेमकं काय असतं?

घरातून निघणारं सांडपाणी वजनाने सुमारे ९९.९ टक्के पाणीच असतं. सगळा त्रास उरलेल्या ०.१ टक्क्याचा. त्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या.

पहिली, रोगजंतू: जिवाणू, विषाणू आणि जंतांची अंडी. कॉलरा, विषमज्वर, कावीळ, जुलाब यांतूनच येतात.

दुसरी, कुजणारा माल, म्हणजे मैला, अन्नाचे कण, तेलकटपणा. याच्यावर जगणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन वापरून टाकतात आणि मासे गुदमरतात. पाणी किती घाण आहे हे मोजताना, त्यातला माल फस्त करायला जिवाणूंना पाच दिवसांत किती ऑक्सिजन लागला ते पाहतात. या मापाला बीओडी म्हणतात. एखाद्या यंत्राच्या जाहिरातीत ‘बीओडी ९० टक्के कमी’ असं लिहिलेलं असेल, तर ते फक्त या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे. पहिली आणि तिसरी तशीच राहिलेली असू शकते.

तिसरी गोष्ट म्हणजे खत, मुख्यतः नायट्रोजन आणि फॉस्फरस. शेतात हे हवंहवंसं असतं. विहिरीत आणि प्रवाळावर तेच घातक ठरतं. जमिनीत नायट्रोजनचं नायट्रेट होतं आणि ते मातीला चिकटत नाही, पाणी जाईल तिकडे जातं. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम ठरवली आहे. त्याहून बऱ्याच जास्त नायट्रेटच्या पाण्यात बाटलीचं दूध कालवलं, तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद घटते आणि बाळ निळसर पडतं. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचं प्रमाण वाढतं. अनेकांना हे माहीत नसतं.

आता एक हिशोब डोक्यात ठेवा, पुढे लागेल. एका माणसाचं वर्षभराचं मूत्र साधारण ५०० लिटर आणि विष्ठा साधारण ५० किलो भरते. फ्लशच्या संडासात तेवढंच वाहून न्यायला वर्षाला १५ हजार लिटरच्या आसपास पाणी खर्च होतं. घरगुती सांडपाण्यातला जवळजवळ ८० टक्के नायट्रोजन फक्त मूत्रातून येतो. म्हणजे थोडासा माल आपणच भरपूर चांगल्या पाण्यात कालवतो आणि मग ते सगळं पाणी साफ करायची जबाबदारी डोक्यावर घेतो.

## पण सेप्टिक टाकी असते ना?

सेप्टिक टाकी बांधली म्हणजे सांडपाणी शुद्ध झालं, हा समज फार खोलवर रुजलेला आहे. बेटांवर सर्वात जास्त नुकसान याच समजाने केलं असं माझं मत आहे. म्हणून इथे जरा थांबू.

ही टाकी फ्रान्समध्ये झां-लुई मुरास यांच्या कल्पनेतून आली, १८८१ साली तिचं पेटंट झालं. तत्त्व सोपं आहे. पाणी टाकीत एक-दोन दिवस संथ उभं राहतं. जड माल तळाला बसून गाळ होतो. तेल-चरबी वर येऊन सायीसारखा थर धरते. मधलं गढूळ पाणी पलीकडच्या पाइपातून बाहेर जातं. तळाच्या गाळात ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू काही भाग पचवतात. टाकीचं काम इथे संपतं. बाहेर पडलेल्या मधल्या पाण्यात बीओडी अर्ध्याच्या आसपास शिल्लक असतो, रोगजंतू भरपूर असतात आणि नायट्रोजन तर जवळजवळ सगळाच असतो.

खरी सफाई होते ती त्यापुढे, मातीत. शोषखड्ड्यातून किंवा जमिनीत पुरलेल्या भोकांच्या पाइपातून पाणी मातीत झिरपतं. मातीच्या कणांमध्ये हवा असते, कणांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर असतो. पाणी त्या थरावरून थेंबाथेंबाने उतरतं तेव्हा जंतू अडकतात, मरतात, इतर जीव त्यांना खातात. यासाठी खड्ड्याचा तळ आणि भूजल यांच्यामध्ये दोन-तीन फूट तरी कोरडी, हवेशीर माती लागते. सेप्टिक टाकीचे बहुतेक नियम हे गृहीत धरूनच लिहिलेले असतात.

सपाट प्रवाळ बेटावर हे दोन-तीन फूट मिळत नाहीत. खड्डा खणताना तळाशीच पाणी लागतं. मिळाले तरी खाली माती नसते, असते ती प्रवाळाची भरड वाळू आणि तुकडे, ज्यांतून पाणी सरसर निघून जातं. ज्वालामुखीच्या बेटांवर दुसरी अडचण असते. वर मातीचा पातळ थर आणि खाली भेगाळलेला खडक. पाणी एकदा भेगेत शिरलं की गाळणी झालीच नाही असं समजायचं.

मालदीवमध्ये १९७८ साली कॉलऱ्याची साथ आली. तिथे घराघरात विहीर आणि घराघरात शौचालय, दोन्ही छोट्याशा अंगणात. भिंग दूषित होत गेलं आणि लोक पिण्यासाठी पावसाच्या साठवलेल्या पाण्याकडे वळले. २००४ च्या त्सुनामीत तर समुद्राचं पाणी बेटांवरून वाहून गेलं, सेप्टिक टाक्या भरून फुटल्या आणि खारं पाणी, मैला, विहीर हे सगळं एक झालं.

## समुद्र एवढा मोठा आहे, त्यात सोडलं तर काय बिघडतं?

समुद्र मोठा आहे हे खरं. पण सांडपाणी मोठ्या समुद्रात जात नाही, ते किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात जातं. तिथेच प्रवाळ असतं, तिथेच मुलं पोहतात, तिथेच शिंपले वेचले जातात. आणि शिंपले पाणी गाळून खातात, त्यामुळे पाण्यातले जंतू त्यांच्या पोटात साठत जातात.

प्रवाळाला स्वच्छ आणि उपाशी पाणी लागतं. उपाशी म्हणजे ज्यात खत जवळजवळ नाही असं. खत आलं की शेवाळ फोफावतं आणि प्रवाळावर गोधडीसारखं पसरतं. हवाईतल्या कानेओहे उपसागरात हे स्पष्ट दिसलं. तिथे अनेक वर्षं सांडपाणी सोडलं जात होतं आणि बुडबुड्यांसारख्या एका हिरव्या शेवाळाने प्रवाळ झाकून टाकलं होतं. १९७७-७८ मध्ये सांडपाण्याचे पाइप उपसागरातून खोल समुद्राकडे वळवले. त्यानंतर काही वर्षांत शेवाळ बरंच घटलं आणि प्रवाळ पुन्हा वाढू लागलं. कारण काढलं की परिणाम मागे हटतो, हे प्रत्यक्ष दिसल्याने मला हे उदाहरण फार दिलासा देणारं वाटतं.

फ्लोरिडाच्या दक्षिणेला फ्लोरिडा कीज ही बेटांची माळ आहे. तिथल्या सांबरशिंगी प्रवाळावर पांढरे चट्टे पडून ते मरू लागलं. शोध घेतल्यावर एक जिवाणू सापडला आणि पुढे तो माणसाच्या सांडपाण्यातूनच आला असल्याचं संशोधकांनी दाखवून दिलं. त्या बेटांवर आता हजारो जुने खड्डे आणि सेप्टिक टाक्या बंद करून घरं सामाईक मलनिस्सारण व्यवस्थेला जोडली आहेत.

प्रवाळ गेलं तर गेलं, माणसाचं काय अडतं, असं कोणी म्हणेल. प्रवाळाची रांग म्हणजे बेटाचं कुंपण. समुद्राच्या लाटा आधी तिच्यावर आपटतात, जोर गमावतात आणि मग किनाऱ्यावर येतात. बेटाची वाळूसुद्धा बऱ्याच अंशी प्रवाळ आणि त्याच्या सोबतीने जगणाऱ्या जिवांच्या चुऱ्यापासून बनते. कुंपण आणि जमीन दोन्ही तिथूनच येतात.

हा प्रश्न फक्त गरीब देशांचा आहे असंही नाही. हवाई राज्यात सुमारे ८८ हजार साधे मैलाखड्डे असल्याचं मोजलं गेलं होतं, ज्यांतून रोज अंदाजे २० कोटी लिटर अप्रक्रियित सांडपाणी जमिनीत जात होतं. तिथे २०१७ साली कायदा झाला, की हे खड्डे २०५० पर्यंत बदलायचे. श्रीमंत राज्यालाही तीन दशकांची मुदत ठेवावी लागली, यावरून कामाचा आवाका लक्षात येईल.

## मग शहरात असतं तसं यंत्र बसवून मोकळं का होत नाही?

कंटेनरएवढं, तयार मिळणारं सांडपाणी यंत्र आहे. आत हवा मारणारा पंप असतो. हवेमुळे जिवाणू वेगाने वाढतात, माल खातात, मग ते स्वतःच गोळा होऊन तळाला बसतात. नीट चाललं तर पाणी खरंच चांगलं निघतं.

‘नीट चाललं तर’ इथेच सगळं अडतं. या यंत्रातले जिवाणू म्हणजे पाळीव जनावरांसारखे आहेत. त्यांना रोज ठरावीक खाणं आणि चोवीस तास हवा लागते. छोट्या गावात सकाळी आणि संध्याकाळी पाण्याचा लोंढा येतो, मधल्या वेळात काहीच नाही. पर्यटकांच्या हंगामात लोकसंख्या दुप्पट-तिप्पट, नंतर सामसूम. जिवाणू कधी अजीर्णाने तर कधी उपासमारीने मरतात. डिझेलची बोट आली नाही, वीज गेली, की काही तासांत हवा संपते आणि टाकी सडू लागते.

त्यात खारा वारा. पंपाच्या झाकणाचा बोल्ट काढायला जावं, तर पाना लावल्यावर डोकंच तुटून हातात येतं. आत बघावं तर बेअरिंगला तांबूस पापुद्रे सुटलेले. नवं बेअरिंग येणार पुढच्या जहाजाने, ते जहाज दोन-तीन आठवड्यांनी, आणि आलं तर योग्य मापाचं आलं पाहिजे. तोवर कोणीतरी वळसा देऊन पाणी थेट समुद्रात सोडतं. त्या माणसाला दोष देता येत नाही. त्याच्या हातात दुसरं काही ठेवलेलंच नसतं.

पाइपांचीही गोष्ट वेगळी आहे. शहरात मैलापाणी उतारावरून आपोआप वाहतं. सपाट बेटावर उतार मिळवायला चर खोल खणावे लागतात आणि दोन मीटरवर पाणी लागतं. सांध्यांतून भूजल पाइपात शिरतं आणि यंत्रावरचा बोजा वाढतो. यावर एक चांगला तोडगा म्हणजे हवेच्या ओढीवर चालणारे पाइप. विमानाच्या संडासात ‘सुर्रकन’ ओढून नेतात तसंच, पण आख्ख्या वस्तीसाठी. पाइप बारीक आणि उथळ पुरलेले चालतात, उताराची गरज उरत नाही, आणि गळती झाली तर पाणी बाहेर न जाता आत ओढलं जातं. मालदीवमधल्या काही बेटांवर आणि फ्लोरिडा कीजमधल्या की लार्गो इथे हे पाइप वापरले आहेत. दाट वस्ती, भरवशाची वीज आणि पगारी यंत्रचालक ही तिन्ही असतील तरच याचा विचार करावा.

## मिसळायचंच नाही असं ठरवलं तर?

आता मघाचा हिशोब परत काढू. त्रासदायक माल थोडाच असतो, त्याला पसरवतं ते फ्लशचं पाणी. मग तो पाण्यात मिसळूच दिला नाही तर?

कोरड्या कंपोस्ट संडासाची कल्पना हीच. स्वीडनमध्ये १९३९ साली रिकार्ड लिंडस्ट्रॉम यांनी आपल्या घरासाठी अशी व्यवस्था बांधली होती, म्हणजे ही काही कालची फॅशन नव्हे. बेटांसाठी सोयीचा प्रकार म्हणजे जमिनीच्या वर बांधलेले दोन कप्पे, तळ पक्का आणि गळती नसलेला. एक कप्पा वापरायचा. प्रत्येक वापरानंतर ओंजळभर कोरडा पाला, लाकडाचा भुसा किंवा नारळाचा काथ्या टाकायचा. कप्पा भरला की बंद करायचा आणि दुसरा सुरू करायचा. बंद कप्पा उष्ण हवामानात वर्षभर तरी उघडायचा नाही. तेवढ्यात मैला कुजून, सुकून मातीसारखा होतो आणि बहुतेक रोगजंतू मरतात. सर्वात चिवट असतात जंतांची अंडी, वर्षभराची वाट बघायची ती त्यांच्यासाठीच. नंतर ते खत झाडांच्या बुंध्याशी घालता येतं.

तुवालु या नऊ छोट्या बेटांच्या देशात फुनाफुटी बेटावर असे संडास बांधायचा प्रकल्प झाला. २०११ साली तिथे इतका कडक दुष्काळ पडला की सरकारने आणीबाणी जाहीर केली आणि पाण्याचं रेशनिंग सुरू झालं. तिथे पिण्याच्या पाण्याची सारी भिस्त छपरावरून टाकीत पडणाऱ्या पावसावर. टाकीतला तळ दिसत असताना प्रत्येक फ्लशला ६ ते १० लिटर ओतणं म्हणजे काय, हे तिथल्या घरांना वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

वास येईल ही पहिली शंका. वास मुख्यतः मूत्र आणि विष्ठा एकत्र येऊन, हवेविना सडण्याने येतो. भांड्यातच मूत्र वेगळ्या नळीने बाजूला काढलं, कोरडा पाला नियमित टाकला आणि वर जाणारा हवेचा पाइप नीट असला, तर वास फारसा येत नाही. पाला टाकायला कोणी विसरलं, की मात्र येतो. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही, कारण लपवलं की लोक पहिल्याच आठवड्यात विश्वास सोडतात.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे: “आम्ही का मागे जायचं? चांगला फ्लशचा संडास आमच्या नशिबी नाही का?” हा मानाचा प्रश्न आहे आणि तो तांत्रिक आकड्यांनी सुटत नाही. फरशी, दार, दिवा, हात धुवायची सोय, म्हाताऱ्यांना चढता येतील अशा पायऱ्या यांवर खर्च केला तर कोरडा संडासही घरात अभिमानाने दाखवण्यासारखा होतो. पत्र्याच्या आडोशात बांधून दिला तर तो वापरला जाणार नाही, आणि न वापरणाऱ्यांचं बरोबर असेल. पाण्याने स्वच्छता करणाऱ्या समाजांत धुण्याचं पाणी वेगळ्या नळीने बाजूला काढावं लागतं. आराखडा करतानाच हे विचारलं पाहिजे.

## मोरीचं पाणी

संडास वेगळा काढला की आंघोळीचं, कपड्यांचं, भांड्यांचं पाणी उरतं. त्यात जंतू कमी, खत कमी. ते साफ करायला मोठी यंत्रणा लागत नाही. तेलकटपणा अडवायला एक छोटी टाकी आणि पुढे खडीने भरलेला, तळाला अस्तर असलेला वाफा, त्यात कर्दळ, देवनळ किंवा पाणकणीस. पाणी खडीच्या आतून सावकाश सरकतं. खडीवर जिवाणूंचा तोच बुळबुळीत थर धरतो, जो चांगल्या मातीत असतो. मुळं वाफा मोकळा ठेवतात आणि थोडं खत शोषतात. जर्मनीत केटे झाइडेल यांनी १९५० च्या दशकात पाणवनस्पतींनी सांडपाणी साफ करण्याचे प्रयोग सुरू केले, तिथून ही पद्धत पसरली.

डास होतील का? पाण्याची पातळी खडीच्या खाली असेल तर नाही. पाणी वर दिसू लागलं की समजायचं वाफा तुंबलाय, खडी काढून धुवायची वेळ झाली.

जिथे फ्लशचे संडास आधीपासून आहेत आणि काढता येणार नाहीत, तिथे दहा-वीस घरांची गळती नसलेली टाकी आणि पुढे असाच मोठा वाफा हा मधला मार्ग आहे. उष्ण हवामानात माणशी १ ते ३ चौरस मीटर जागा धरतात. बेटावर जागेची चणचण असते, म्हणून हे सगळीकडे जमत नाही.

## समुद्राच्याच पाण्याने फ्लश केलं तर?

गोडं पाणी वाचतं, हा फायदा खरा आहे. तारावावर १९७७ मध्ये कॉलऱ्याची साथ आली. त्यानंतर तिथल्या दाट वस्त्यांमध्ये खाऱ्या पाण्यावर चालणारी गटारव्यवस्था बांधली. हाँगकाँगमध्ये १९५० च्या दशकापासून ही पद्धत आहे आणि तिथल्या सुमारे ८० टक्के लोकांच्या घरी समुद्राचं पाणी संडासाला येतं.

पण हाँगकाँगमागे मोठी प्रक्रिया केंद्रं आणि पैसा आहे. तारावावर मैला प्रक्रियेविना प्रवाळाच्या कडेला सोडला गेला. खारं पाणी पंप खातं. त्यातल्या सल्फेटपासून सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू तयार होतो आणि तो काँक्रीट पोखरतो. साफ केलेलं पाणीही झाडांना घालता येत नाही. छोट्या वस्तीला हा मार्ग सुचवताना मी दहादा विचार करेन.

## “आता तर समुद्राचं पाणी गोडं करता येतं”

येतं. लक्षद्वीपमध्ये कवरत्तीला २००५ पासून खोल समुद्रातलं गार पाणी वापरून रोज एक लाख लिटर गोडं पाणी बनवण्याचा प्रकल्प सुरू झाला आणि लोकांना त्याचा आधार मिळाला. पिण्याचं पाणी असं मिळालं तरी आंघोळीला, भांड्यांना, गुरांना विहीर लागतेच. यंत्र बंद पडतं त्या दिवशी विहीर हाच शेवटचा साठा असतो. आणि प्रवाळावर जाणारं खत त्याने एका ग्रॅमनेही कमी होत नाही.

## गाळ कोण काढणार?

कोणतीही टाकी घ्या, तळाला गाळ साठतोच. सेप्टिक टाकीचा गाळ साधारण तीन ते पाच वर्षांनी उपसावा लागतो. नाही उपसला तर टाकी गाळाने भरते आणि कच्चा मैला तसाच पुढे जातो. वरून काहीच दिसत नाही, फ्लश चालू असतं, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. बेटावर उपसा करणारी गाडी नसते आणि असली तरी गाळ नेऊन टाकायला जागा नसते. म्हणून टाक्या बांधायच्या आधी गाळ सुकवायचे वाफे बांधले पाहिजेत. बहुतेक ठिकाणी हे उलटं होतं, किंवा वाफे राहूनच जातात.

पैशाचा प्रश्नही इथेच आहे. बांधकामाला अनुदान मिळतं, फीत कापली जाते. पाच वर्षांनंतरच्या पंपाला, उपशाला आणि देखभाल करणाऱ्या माणसाच्या पगाराला सहसा कोणी पैसे ठेवत नाही. कोणत्याही बेटासाठी योजना आली की मी आधी विचारेन: हे बिघडलं तर बेटावरचा कोणता माणूस, कोणत्या हत्याराने, बेटावर मिळणारं काय वापरून दुरुस्त करणार? याचं उत्तर नसेल तर यंत्र कितीही भारी असलं तरी ते नको.

समुद्राची पातळी वाढतेय तसं हे अधिकच निकडीचं होतंय. अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला आजच काही बेटांवर पाणी जमिनीतून वर येतं. शोषखड्डा खालून भरतो आणि त्यातलं सगळं अंगणात पसरतं. कोरडी मातीच नसल्यावर शोषखड्डा या कल्पनेलाच अर्थ उरत नाही. जमिनीच्या वर बांधलेला, गळती नसलेला कप्पा अशा भरतीतही टिकतो, हा त्याचा आणखी एक फायदा.

## विहीर खराब झाली हे कळणार कसं?

प्रयोगशाळा शेकडो किलोमीटर लांब असते. त्यावर १९८२ साली भारतीय शास्त्रज्ञांनी मांडलेली एक साधी चाचणी आहे, जी पुढे प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत पोहोचली. छोटी निर्जंतुक बाटली, आत रसायनात भिजवून सुकवलेला कागदाचा तुकडा. विहिरीचं पाणी खुणेपर्यंत भरायचं, झाकण लावायचं आणि दोन-तीन दिवस उबदार जागी ठेवायची. मैल्यासोबत येणारे जिवाणू पाण्यात असतील तर ते एक वायू सोडतात, त्याची कागदावरच्या लोहाशी क्रिया होते आणि पाणी काळं पडतं. वाचता येत नसलेल्या माणसालाही निकाल समजतो.

ही बाटली दर महिन्याला, मोठ्या भरतीनंतर आणि पहिल्या जोरदार पावसानंतर एकदा, अशी भरत राहायची. काळी झाली तर त्याच दिवशी पाणी उकळायला सुरुवात करायची, आणि मग फावडं घेऊन विहिरीच्या सर्वात जवळची टाकी उघडून गाळ किती वर आलाय ते बघायचं.